म्युझिक राउंडसाठी काय वापरावं: यूट्यूब, स्पॉटिफाय, काहूत की घरची पेटी? परवान्यांसकट परीक्षण

ऑनलाइन क्विझमध्ये गाण्याचा तुकडा वाजवायला ज्या सोयी हाताशी आहेत, त्यांतली एकही पूर्ण मार्कांची नाही. ज्या वाजवायला सोप्या त्या नियमात बसत नाहीत, आणि जी नियमात बसते ती प्रश्नाचं उत्तर पडद्यावर छापून दाखवते. तरीही राउंड नीट बसवता येतो. कुठली सोय कुठे तारते आणि कुठे बुडवते, तेवढं आधी माहीत हवं.

सुरुवातीलाच त्या सेकंदांचा निकाल लावून टाकू. “दहा सेकंदांपर्यंत चालतं”, “तीसच्या आत कॉपीराइट लागत नाही” हे वाक्य प्रत्येक क्विझच्या तयारीत कोणीतरी म्हणतंच. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असा एकही आकडा नाही. ऑनलाइन दुकानं गाण्याचा ३० सेकंदांचा नमुना ऐकवतात, त्यावरून ही समजूत पसरली असावी. पण तो नमुना दुकानाने गाण्याच्या कंपनीशी करार करून मिळवलेला असतो. कलम ५२ मधल्या सवलती कामावर ठरतात, घड्याळावर नाही: खासगी वापर, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. “गाणं ओळखा” हा प्रश्न म्हणजे परीक्षण नव्हे. क्षुल्लक वापराकडे दुर्लक्ष करण्याचं तत्त्व न्यायालयांना मान्य आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या खटल्यात ते लावलं. तिथे एक गायिका टीव्हीवरच्या गप्पांमध्ये आपल्याच गाण्यांच्या ओळी गायली होती. न्यायालयाने नुकसान किती, हेतू काय, बाकीच्यांच्या हक्कांवर परिणाम काय, असं सगळं तपासलं. अमुक सेकंद माफ, असा नियम घालून दिला नाही. ज्या राउंडचा सगळा डोलारा वीस गाण्यांच्या तुकड्यांवरच उभा आहे, त्याने क्षुल्लकपणाच्या आधाराला जाऊ नये.

दुसरी गोष्ट, एका गाण्याला तीन धनी असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क लिहिणाऱ्याच्या आणि बांधणाऱ्याच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कलावंत म्हणून वेगळे हक्क आहेतच. परवाना काढताना किंवा “हे जुनं आहे, मोकळं आहे” म्हणताना तिन्ही धन्यांचा हिशेब स्वतंत्र लागतो. पुढच्या प्रत्येक सोयीचं परीक्षण याच कसोटीवर केलं आहे.

यूट्यूबचा एम्बेड प्लेअर

फुकट उपायांत हा सगळ्यात भरवशाचा, आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीने वापरला जाणाराही हाच. कंपनीच्या अधिकृत चॅनेलवरचं गाणं तुमच्या क्विझच्या पानावर एम्बेड केलं, म्हणजे यूट्यूबचाच प्लेअर पानात बसवला, आणि प्रत्येक खेळाडूने ते आपापल्या फोनवर वाजवलं, तर गाणं यूट्यूबच्याच सर्व्हरवरून जातं, दृश्यसंख्या आणि जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात. तुमच्याकडे प्रत राहत नाही. इथपर्यंत ठीक.

अडचण अशी की प्लेअरच्या माथ्यावर गाण्याचं नाव दिसतं. ते लपवण्याचा जुना पर्याय २०१८ मध्येच बंद झाला. मग वेब बनवणारी मुलं प्लेअरवर काळी पट्टी टाकतात, त्याची उंची एक पिक्सेल करतात किंवा तो पडद्याबाहेर ढकलतात. हे तिन्ही प्रकार यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहेत. एम्बेड प्लेअर कमीत कमी २०० बाय २०० पिक्सेलचा असावा लागतो, त्याच्यावर काही झाकता येत नाही आणि आवाज चित्रापासून वेगळा काढता येत नाही. व्हिडिओतून एमपीथ्री काढून देणाऱ्या साइटींचा तर प्रश्नच नको.

यावर उपाय तंत्रात नाही, प्रश्नात आहे. नाव दिसतंय तर दिसू द्या आणि नाव विचारूच नका. राग विचारा. ताल विचारा. दुसऱ्या कडव्याआधीच्या सुरावटीत कुठलं वाद्य येतं ते विचारा. याच चालीवर बांधलेलं दुसरं गाणं विचारा. जाणकार मंडळींच्या क्विझमध्ये हा राउंड “ओळखा पाहू”पेक्षा जास्त रंगतो, आणि गूगलवर उत्तर शोधणाऱ्यांचीही पंचाईत होते.

तुकडा कापण्यासाठी लिंकमध्ये सुरुवात आणि शेवट सेकंदांत देता येतो. इथे दोन चुका हमखास होतात. शेवटचा आकडा व्हिडिओच्या आरंभापासून मोजायचा असतो, तुकड्याच्या लांबीने नाही. ४५ व्या सेकंदापासून १५ सेकंद हवे असतील तर सुरुवात ४५ आणि शेवट ६०. सुरुवात ४५ आणि शेवट १५ लिहिलं की घोळ झालाच. दुसरं, प्लेअर तुम्ही दिलेल्या सेकंदाच्या जवळची मुख्य चौकट (जिथून व्हिडिओ सुरू करता येतो ती जागा) शोधतो, त्यामुळे तुकडा सांगितलेल्या जागेच्या साधारण दोन सेकंद आधी सुरू होऊ शकतो. धृपदाची शेवटची ओळ त्या दोन सेकंदांत आली तर उत्तर फुटतं. म्हणून सुरुवात ओळ संपल्यावर तीन सेकंदांनी ठेवा.

आणखी काय बिघडतं? काही कंपन्या बाहेरच्या साइटवर वाजवण्याची परवानगीच बंद ठेवतात. तिथे काळा चौकोन आणि एक इंग्रजी सूचना एवढंच दिसतं. काही व्हिडिओ ठरावीक देशांतच चालतात, त्यामुळे पुण्यात तपासलेली लिंक न्यू जर्सीच्या खेळाडूला उघडत नाही. तुकड्याआधी जाहिरात येऊ शकते आणि प्रत्येकाला वेगळ्या लांबीची येते. म्हणून घड्याळ लावून “आधी बझर दाबेल तो” हा प्रकार या प्लेअरवर करू नये. आणि खेळाडूने स्वतः बोट लावल्याशिवाय आजचे ब्राउझर आवाज सुरू करत नाहीत, तेव्हा आपोआप वाजण्याची आशा सोडा आणि “तयार” असं बटण द्या.

काहूत, गूगल फॉर्म, झूम

काहूत या क्विझ घेण्याच्या अॅपमध्ये प्रश्नाला यूट्यूबची लिंक जोडून सुरुवात-शेवट ठरवता येतो. वर्गात प्रोजेक्टरवर वापरायला हे उत्तम. पण थेट खेळात व्हिडिओ यजमानाच्या पडद्यावर वाजतो, खेळाडूंच्या फोनवर नाही. म्हणजे ऑनलाइन क्विझ असेल तर यजमान तो आवाज झूम किंवा मीटवरून सगळ्यांना पाठवतो. इथे बहुतेकांच्या लक्षात येत नाही असा बदल होतो: आता ते एम्बेड राहिलं नाही, तुम्ही स्वतः पुनर्प्रसारण करताय. यूट्यूबच्या अटी सांगतात की सेवा वैयक्तिक, बिगरव्यावसायिक ऐकण्या-पाहण्यासाठी आहे. तिच्यावरून लोकांसाठी सार्वजनिक वादन करू नये. यूट्यूब प्रीमियमचं वर्गणीदार असण्याने यात काडीचा फरक पडत नाही. त्याने फक्त जाहिरात जाते.

गूगल फॉर्ममध्ये यूट्यूबचा व्हिडिओ जोडता येतो, ध्वनीची फाइल चढवता येत नाही. आवाज प्रत्येकाच्या उपकरणावर वाजतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीने हा काहूत-झूम जोडीपेक्षा बरा. पण नाव दिसतंच, आणि अख्खं गाणं वाजतं. क्विझिझ... नाही, आता वेग्राउंड म्हणायचं. या क्विझ मंचाचं नाव २०२५ मध्ये बदललं. तिथे स्वतःची ध्वनी फाइल चढवायची सोय आहे. सोय आहे म्हणजे परवानगी आहे असा अर्थ काढू नका. फाइल चढवताना “हक्क माझ्याकडे आहेत” ही हमी तुम्हीच देत असता. स्वतःच्या ध्वनिमुद्रणासाठी मात्र ही जागा अगदी योग्य.

झूमबद्दल तांत्रिक दोन गोष्टी. स्क्रीन शेअर करताना आवाज शेअर करण्याच्या चौकोनावर टिक केली नाही तर गाणं तुमच्या माइकमधून फिरून जातं, आणि झूमची गोंगाट दाबणारी यंत्रणा तबल्याला गोंगाट समजून गिळते. फक्त आवाज पाठवायचा असेल तर शेअरच्या प्रगत पर्यायांत संगणकाचा आवाज एवढाच निवडा. मग पडद्यावरची फाइलची नावंही दिसत नाहीत. गूगल मीटमध्ये पूर्ण खिडकीऐवजी ब्राउझरचा टॅब शेअर करा, नाहीतर चित्र जातं आणि आवाज मागे राहू शकतो.

झूमची बैठक खासगी असते, असा युक्तिवाद होतो. सहा नातेवाईकांची अंताक्षरी खासगीच. पण ज्याच्या जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरल्या, ज्याला कोणीही नाव नोंदवून येऊ शकतं, तो कार्यक्रम पासवर्ड लावल्याने घरगुती होत नाही. कायद्यातली “जनतेपर्यंत पोहोचवणे” ही व्याख्या लोकांनी प्रत्यक्ष ऐकलं की नाही हेही विचारत नाही. ऐकण्यासाठी उपलब्ध झालं, एवढं पुरतं. आणि रेकॉर्डचं बटण दाबलं की नवी प्रत तयार होते. खरा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी मंडळाच्या यूट्यूब चॅनेलवर चढतं.

स्पॉटिफाय आणि अॅपल: नको

इथे वेळ घालवायची गरज नाही. स्पॉटिफायच्या अॅप बनवणाऱ्यांसाठीच्या धोरणात खेळ आणि ट्रिव्हिया क्विझ बनवायला चक्क नाव घेऊन मनाई आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून नव्या अॅपना ३० सेकंदांचे नमुनेही मिळत नाहीत. जुन्या लेखांतली “स्पॉटिफायवरून क्विझ बनवा” ही कृती त्यामुळे दोन्ही अंगांनी बाद आहे. साध्या ग्राहक खात्यावरून वाजवायचं म्हटलं तरी ते खातं वैयक्तिक वापरासाठीच आहे.

अॅपलच्या शोधसेवेतून अजून ३० सेकंदांचे नमुने मिळतात, पण अट अशी की ते दुकानातलं गाणं विकायला मदत म्हणून, दुकानाच्या खुणेशेजारी, फक्त प्रवाहित करून वाजवावेत. करमणुकीसाठी वापरायचे नाहीत, साठवायचे नाहीत. क्विझ ही करमणूकच.

यूट्यूब आणि फेसबुकवर क्विझ थेट दाखवणं

यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा कंपन्यांनी दिलेल्या मूळ ध्वनिमुद्रणांशी तुमचा आवाज ताडून पाहते. तिला काही सेकंद पुरतात. थेट प्रक्षेपणातही ती ऐकत असते. गाणं सापडलं तर तुमच्या चित्राच्या जागी स्थिर चित्र येऊ शकतं आणि वाजवणं थांबलं नाही तर प्रक्षेपण तुटतं. प्रश्न क्रमांक चारला क्विझ गुल, असं होऊ नये म्हणून म्युझिक राउंड यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणात घेऊच नये. घ्यायचाच असेल आणि तुमच्याकडे खरा परवाना असेल, तर मालकाला तुमचं चॅनेल सवलतीच्या यादीत घालायला कार्यक्रमाआधी सांगा. परवान्याचा कागद कंटेंट आयडीला वाचता येत नाही.

दावा आणि स्ट्राइक यांत लोक गल्लत करतात. दावा म्हणजे मालकाने व्हिडिओवर हात ठेवला: जाहिरातीचे पैसे त्याला, किंवा काही देशांत बंदी, किंवा नुसती नजर. चॅनेलला इजा नाही. स्ट्राइक म्हणजे कायदेशीर हटवण्याची विनंती मान्य झाली. ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनेल जातं. दाव्याला हरकत घेतली की मालकाला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. पाच दिवसांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे वाद मिटेपर्यंत बाजूला ठेवले जातात. पण “फक्त ८ सेकंद होते” या जोरावर हरकत घेऊ नका. मालकाने ती फेटाळून हटवण्याची विनंती केली तर साध्या दाव्याचा स्ट्राइक होतो. त्यापेक्षा यूट्यूब स्टुडिओत जाऊन तेवढा भाग कापा किंवा गाणं मूक करा. मूक करण्याच्या पर्यायात बोलणं राखून नुसतं गाणं काढण्याची सोय आहे, पण निवेदकाचा आवाज गाण्यावर चढला असेल तर तोही चिरफाळतो. म्हणून तुकडा वाजताना निवेदकाने तोंड बंद ठेवावं. आणखी एक: एक मिनिटाहून लांब शॉर्टवर (यूट्यूबच्या छोट्या व्हिडिओवर) दावा लागला तर तो शॉर्ट जगभर बंद होतो. क्विझच्या झलका ५५ सेकंदांत उरका.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर व्यावसायिक पानांना गाण्यांचा साठा तोकडा मिळतो; तिथे त्यांची मालक असलेल्या मेटाच्या स्वतःच्या ध्वनिसंग्रहावर भागवावं लागतं. पार्श्वसंगीतापुरता तो बरा, पण “गाणं ओळखा”साठी निरुपयोगी, कारण त्यातलं गाणं कोणी ऐकलेलंच नसतं. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीचंही तेच.

मोफत परवान्याचं संगीत

क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर फुकट वापरू दिलेलं, संगीत क्विझमध्ये वाजवायचं तर परवान्याची शेपूट, म्हणजे त्या अटी, वाचा. नुसतं श्रेय मागणारा परवाना चालतो. गाण्याचं नाव, कलावंत, कुठून घेतलं आणि परवान्याची आवृत्ती, असं चौघांचं श्रेय शेवटच्या पाटीवर नव्हे तर प्रश्नाच्या पाटीवर किंवा वर्णनात द्या. बिगरव्यावसायिक अट असेल तर प्रवेशशुल्क किंवा सराफाच्या दुकानाचं प्रायोजकत्व असलेल्या क्विझमध्ये ते वापरू नका. “बदल नको” अशी अट सगळ्यात फसवी. या परवान्यांच्या चौथ्या आवृत्तीनुसार गाणं हलत्या चित्राशी वेळ जुळवून लावलं की तो बदल मानला जातो. म्हणजे व्हिडिओ क्विझमध्ये त्या अटीचं गाणं लावताच येत नाही. उलटं वाजवून ओळखायला लावणं तर दूरच.

जुनी तबकडी

इथे मराठी क्विझवाल्याच्या हातात खरा खजिना आहे, पण हिशेब चोख हवा. १९६५ अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांचा हक्क भारतात २०२५ संपताना संपला. म्हणून तबकडी मोकळी. पण शब्द आणि चाल? ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. तबकडी पन्नासच्या दशकातली असली तरी तीनपैकी दोन धनी जागे आहेत.

आता संगीत नाटकांकडे या. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणून त्यांची पदं २००९ पासून मोकळी. ‘स्वयंवर’च्या चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते १९५५ मध्ये गेले, चाली २०१६ पासून मोकळ्या. या पदांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या भारतापुरत्या तिन्ही बाजूंनी मोकळ्या होतात. पण नाट्यसंगीत म्हणजे सरसकट मोकळं, असं धरू नका. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चं. संगीतकार जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले, म्हणजे चालींसाठी २०५८ अखेरपर्यंत वाट पाहा.

अभंगांत याहून मोठा खड्डा आहे. तुकोबांचे शब्द कोणाच्याच मालकीचे नाहीत, पण श्रीनिवास खळे यांची चाल २०७१ अखेरपर्यंत आहे. आणि “आधी बीज एकले” तुकोबांचं समजून मोकळं मानू नका. ते १९३६ च्या प्रभातच्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलं आहे. (प्रश्न म्हणून हे फार चांगलं. तेवढ्यासाठी वाजवायची गरजही नाही.)

मोकळी तबकडी यूट्यूबवर चढवली तरी दावा येऊ शकतो, कारण कंपनीने तेच गाणं स्वच्छ करून पुन्हा बाजारात आणलेलं असतं आणि यंत्राला दोन्ही सारखीच ऐकू येतात. इथे मात्र हरकत जरूर घ्या. कारणांत सार्वजनिक मालकीचा पर्याय निवडा आणि तबकडीचा क्रमांक, प्रकाशनवर्ष, कवी आणि संगीतकार यांची मृत्युवर्षं लिहा. तुकडा तुम्ही खऱ्या तबकडीवरून घेतला असेल तरच. कंपनीच्या नव्या आवृत्तीतून घेऊन जुन्या तबकडीचा हवाला देणं म्हणजे आपल्या हाताने पायावर धोंडा.

परदेशातल्या मंडळांनी हा हिशेब पुन्हा करावा. अमेरिकेत १९२३ ते १९४६ मधली ध्वनिमुद्रणं प्रकाशनानंतर १०० वर्षं बांधलेली असतात. १९२५ ची २०२६ सुरू होताना मोकळी झाली, १९३० चीला २०३० संपेपर्यंत थांबायचं. बालगंधर्वांची जी तबकडी सांगलीत मोकळी, ती शिकागोत नसेल. ज्या देशात ऐकली जाते तिथला कायदा लागतो, आणि ऑनलाइन क्विझ सगळीकडे ऐकली जाते.

घरची पेटी: आमची पहिली पसंती

मोकळ्या शब्दांचं, मोकळ्या चालीचं पद घ्या आणि पेटीवर किंवा बासरीवर नवं वाजवून घ्या. तिन्ही धन्यांचा प्रश्न एका तासात मिटतो. फोनचं ध्वनिमुद्रण पुरतं: माइकपासून पेटी दीड-दोन हात लांब, पंखा बंद, प्रत्येक तुकडा १२ ते १५ सेकंदांचा, शेवटी अर्धा सेकंद आवाज हळूहळू उतरवलेला. वाजवणाऱ्याकडून एका पानावर लेखी घ्या: कुठलं पद, कुठल्या क्विझसाठी, रेकॉर्डिंग किती काळ आणि कुठे राहणार, मानधन किती. तोंडी “हो रे, वापर” पुढे कामी येत नाही. कायद्याला परवाना लेखी लागतो.

हक्कातलं गाणंही पेटीवर वाजवलं तर निदान ध्वनिमुद्रणाचा धनी बाजूला होतो. शब्द गायले नाहीत तर दुसराही. उरतो चालीचा. चालीवरही कंटेंट आयडी दावा लावू शकतं, हे धरून चाला. कायद्यात कव्हर आवृत्तीची वेगळी तरतूद आहे, पण ती मूळ गाण्याला पाच वर्षं झाल्यावर, आगाऊ स्वामित्वधन भरून, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने. क्विझसाठी ती म्हणजे मुंगीला हत्तीची अंबारी.

परवाने

आयपीआरएस ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची नोंदणीकृत संस्था, १९६९ पासूनची. तिच्याकडून शब्द आणि चाल यांचा परवाना मिळतो. ध्वनिमुद्रण तिच्याकडे नाही. बरेच आयोजक इथेच थांबतात आणि “परवाना काढलाय” म्हणून निश्चिंत होतात. मूळ गाणं वाजवायचं तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जावंच लागतं: पीपीएल, नोव्हेक्स (कंपन्यांच्या वतीने परवाने देणारे) किंवा थेट कंपनी. सभागृहात वाजवण्याचा परवाना इंटरनेटवर आपोआप लागू होत नाही, तेव्हा अर्जात “ऑनलाइन” हा शब्द आणि मंचाचं नाव लिहूनच घ्या. रेडिओला कायद्यानेच मिळणाऱ्या (वैधानिक) परवान्याची आठवण काही जण काढतात. मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स ही गाण्यांची कंपनी आणि विंक ही गाणी ऐकवणारी ऑनलाइन सेवा यांच्या वादात २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सांगितलं आहे की ती तरतूद इंटरनेटसाठी नाही.

कंपनीला पत्र लिहिताना गाण्यांची यादी, प्रत्येकाचे नेमके सेकंद, मंच, खेळाडूंची अंदाजे संख्या, शुल्क, प्रायोजक, तारीख, रेकॉर्डिंग राहणार की नाही आणि कुठल्या देशांत ऐकलं जाईल, एवढं एकाच पानात द्या. “काही गाणी वापरायची आहेत” अशा पत्राला उत्तर येत नाही. रेकॉर्डिंग ठेवणार नसाल तर ते ठळक लिहा. मागणी तेवढीच लहान होते. संगीतकार ओळखीचे आहेत म्हणून त्यांच्याकडून होकार घेतला, हेही पुरत नाही, कारण ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीचं असतं.

शाळा आणि सोसायटी

शाळांसाठी कलम ५२(१)(जे) कामाचं आहे: संस्थेच्या उपक्रमात, श्रोते कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी थेट संबंधित एवढेच असतील तर ध्वनिमुद्रण वाजवता येतं. ऑनलाइन घेताना शाळेच्या लॉगिनमागेच ठेवा आणि यूट्यूबवर “लिंक असलेल्यांना” असं खुलं करू नका. त्याच कलमाच्या (आय) मध्ये परीक्षेतल्या प्रश्नाचा भाग म्हणून कृती वापरण्याची मुभा आहे. ती खऱ्या परीक्षेसाठी, आंतरशालेय बक्षीस क्विझसाठी नव्हे. सोसायटीच्या गणेशोत्सवात रहिवाशांच्या हॉलमध्ये किंवा नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायला (के) आहे. हॉलमधला राउंड त्यात बसवता येतो. तोच राउंड फेसबुक लाइव्हवर गेला की त्या कलमातलं “बंदिस्त खोली किंवा हॉल” मागे राहतं.

उल्लंघनाची शिक्षा कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं आणि ५०,००० ते २ लाख रुपये अशी आहे. व्यावसायिक लाभ नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून ती कमी करू शकतं. प्रत्यक्षात क्विझवाल्याच्या दारात आधी येतो तो यूट्यूबचा दावा किंवा कंपनीची नोटीस. त्या वेळी हाताशी एक साधा तक्ता हवा: प्रश्न क्रमांक, गाणं, कवी आणि मृत्युवर्ष, संगीतकार आणि मृत्युवर्ष, ध्वनिमुद्रण कोणाचं आणि कुठल्या वर्षाचं, किती सेकंद, कुठल्या परवान्याने किंवा कुठल्या कलमाखाली. वीस प्रश्नांचा तक्ता भरायला एक संध्याकाळ लागते. ज्या ओळीत एखादा रकाना रिकामा राहील, तो प्रश्न काढून त्या जागी पेटीवरचा तुकडा घाला.